पृथ्वीराज पणजोबांचा तांब्या

कुंभारीच्या माळावर दर अमावस्येला माणसांचा पूर लोटायचा. तिथले तांब्याबाबा मेलेल्यांना बोलतं करतात म्हणे. घरातला सर्वांत जुना तांब्या पाण्यानं भरून न्यायचा. चेला तो 'पूर्वजांना पाणी पाजायला' आतल्या खोलीत नेणार, आणि थोड्या वेळानं बाबा घुमत घुमत तुमच्या पणजोबाचं नाव-गाव सांगणार. नाव जुळलं की बायका पदरानं डोळे पुसायच्या.

या बाबानं प्रियंकाचा जीव मेटाकुटीला आणला होता. घर धनगराचं. बहात्तरच्या दुष्काळात आजोबा धुळा मेंढरं विकून सोलापुरात आले, गिरणीत लागले आणि मूळ वस्तीचं नावही पुन्हा काढलं नाही. वडील सिद्धराम तेव्हा रांगत होते. आपण कुठले, कुणाचे, हे शोधायचं प्रियंकानं मनावर घेतलं. फोन करकरून तिनं हुडकलं, की धुळाची बहीण गोजाबाई सांगोल्याजवळच्या वस्तीवर हयात आहे. म्हातारी अंथरुणाला खिळलेली, पण तिला सगळं आठवत होतं. रविवारी जायला गाडीही ठरली.

तेवढ्यात सिद्धराम तांब्या घेऊन कुंभारीला जाऊन आले. बाबांनी सांगितलं, पणजा त्रिंबक, गाव केम. झालं! गाडीचं तोंड केमकडं वळलं. आत्या वयानं काहीबाही बरळायची, बाबा कसे चुकतील, असं त्यांचं म्हणणं. प्रियंकानं कपाळावर हात मारून घेतला.

केममध्ये त्रिंबकाचं घर लगेच सापडलं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. धनगरांशी या घराचा काही संबंध नव्हता. त्रिंबकाचा नातू म्हणाला, "आमची सून राजश्री सोलापुरात तुमच्याच गल्लीत ऱ्हाती की." राजश्री म्हणजे त्यांची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण!

घरी येताच प्रियंकानं तो तांब्या चिंचेनं घासला. गळ्याखाली झिजलेली अक्षरं दिसली: त्रिंबक, केम. भावाच्या हळदीला राजश्रीवहिनींकडून आणलेली भांडी, त्यातला हा परत द्यायचा राहून गेलेला. लग्नकार्यात भांडी बदलू नयेत म्हणून आपण नावं घालतो, आणि रोज त्याच तांब्यानं पाणी पिऊनही ती वाचत मात्र नाही. काखेत कळसा अन् गावाला वळसा!

सिद्धराम तरी ऐकेनात. पुढच्या अमावस्येला बाबांना पुन्हा विचारू, मगच सांगोला, म्हणाले. तिकडं म्हातारीचं खाणं सुटल्याचे निरोप येत होते. प्रियंका संतापानं रडली. मग तिनं माळ्यावरचा एक जुना तांब्या काढला, भांड्यांच्या दुकानात त्यावर नाव घालून घेतलं आणि अमावस्येला वडिलांसोबत राजश्रीवहिनींनाही नेलं.

तांब्या आत जाऊन आला. बाबा घुमू लागले.

"आलास व्हय, पृथ्वीराजा! लई मानी माणूस. ही लांब दाढी. लेकरांसाठी जीव तुटतोय रं तुजा!"

"दाढी आहे हे खरं," प्रियंका उठून म्हणाली. "पृथ्वीराज हा राजश्रीवहिनींचा बोकड आहे. कालच त्यानं माझी ओढणी खाल्ली."

तिनं तांब्या गर्दीत फिरवला. मग जो तो आपापला तांब्या उलटसुलट करून बघू लागला. कुणीतरी आतल्या खोलीचा पडदा ओढला. तिथं पूर्वज नव्हते. बॅटरी, भिंग आणि भिजवलेली चिंच होती. बाबा मागच्या दारानं पसार झाले. सिद्धराम मान खाली घालून उभे होते.

दुसऱ्या दिवशी ते सांगोल्याच्या वस्तीवर पोचले. गोजाबाईच्या सुनेनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि सांगितलं, म्हातारी मागच्या आठवड्यात गेली, तुमचा फोन काही लागला नाही.

"धुळाची माणसं येणार म्हणून समद्यांची नावं घोकत पडली हुती," ती म्हणाली. "आमाला कुटं ध्यानात ऱ्हातंय ते?"

सिद्धरामांनी हातातला तांब्या फिरवून वाचला. त्यावर गोजाबाईचं नाव होतं, बाकी काही नव्हतं.

मेलेली माणसं कुणाच्या तोंडून बोलत नाहीत, हो. जिवंत माणसं बोलतात. ती आहेत तोवर त्यांच्याकडं जा.