मोगरा गट

प्रशिक्षणात सगळं कसं सोपं वाटत होतं. प्रत्येक मुलाला त्याच्या पातळीचं गणित द्या, त्यासाठी गट पाडा, पण गटांना हुशार-कच्चे असलं काही म्हणू नका, फुलांची नावं द्या. राहत मॅडमना ते मनापासून पटलं. बजाजनगरच्या आपल्या शाळेत परतल्यावर त्यांनी पाचवीचे तीन गट केले. गुलाब गटाला भागाकार, जाई गटाला गुणाकार आणि मोगरा गटाला काड्यांचे गठ्ठे घेऊन हातच्याची वजाबाकी.

मुलं काय दूधखुळी असतात? मधल्या सुट्टीच्या आत सगळ्या वर्गाला कळलं, कोणतं फूल कुणासाठी आहे. आठवडा संपेपर्यंत पटांगणावर 'मोगरा' ही शिवी झाली. कॅच सुटला की मोगरा, घसरून पडलं की मोगरा. मॅडम रागावल्या, मग त्यांनी नावं बदलून पाहिली. मुलांनी नवी नावंही तितक्याच झटपट ओळखली.

आणि मोगऱ्यातली रूपा शाळेत यायची बंद झाली.

फोन कुणी उचलेना, म्हणून शाळा सुटल्यावर मॅडम तिच्या खोलीवर गेल्या. तिची आई सरिता नुकतीच कंपनीतून आली होती. तिनं पाणी दिलं, पण बसा म्हणाली नाही.

"सोयगावला माझ्या आईकडं धाडते तिला. घरकाम तरी शिकंल."

"आणि शाळा?"

"आधी लई आवडीनं जात व्हती. तुम्ही ट्रेनिंग करून आलात अन् माझ्या पोरीला ढ केलं."

"ढ नाही हो ती. फक्त हातचा घेताना अडते. मला थोडा वेळ द्या ताई, पाया पडते तुमच्या." आणि त्या खरोखरच वाकल्या. सरिता गडबडून मागं सरकली.

पलंगामागून रूपाचा आवाज आला. "मला गुलाबवाला कागद द्या. मंग येते."

"तो अवघड आहे गं."

"तरी तोच द्या."

मॅडम हो म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार होत्या?

दुसऱ्या दिवशी रूपा आली. भागाकाराचा कागद घेऊन मान खाली घालून लिहीत राहिली. मॅडम बाकापाशी गेल्या, तशी तिनं डाव्या हातानं कागद झाकला.

"दाखव ना बेटा, कुठं अडलं?"

"नाय अडलं."

मॅडम फरशीवर गुडघे टेकून बसल्या. हळू आवाजात विनवू लागल्या. वर्ग बघत होता, त्याचीही त्यांना पर्वा राहिली नाही. रूपाचा हात हलला नाही, उलट बोटं आणखी घट्ट झाली. चुकलेलं गणित सगळ्यांच्या आधी टेबलापाशी घेऊन येणारी पोर होती ही. तिला काय येत नाही हे कळल्याशिवाय मॅडम तिला काहीच शिकवू शकत नव्हत्या, आणि नेमकं तेच ती आता त्यांना कधी दाखवणार नव्हती.