धुऱ्यावरची गारगोटी

"आता आपल्याच घरात चपला घालून हिंडा! गादीवर दगड, गोधडीत दगड. काल तं बनियनमधून काच निघाली."

आमचे हे, तुळशीराम, माझ्या कानाशी पुटपुटत होते. ओट्यावर बसलेल्या थोरल्या बहिणीला ऐकू जाऊ नये, म्हणून. पण गोजरबाईंचं लक्ष होतंच कुठे! डोळ्यांवर फवारणीचा चष्मा, मांडीवर पोत्याची घडी, आणि हातातल्या गोट्याने बाटलीच्या बुडावर टकटक चाललेली.

हे वेड मोबाइलने लावलं. कोणी दाढीवाला परदेशी माणूस दगडावर दगड हाणतो, ढलप्या उडतात, आणि बघता बघता पिंपळपानासारखं बाणाचं टोक तयार होतं. गोजरबाईंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "रुख्मे, हे मले जमन." नवरा गेल्यापासून त्यांना काही हवंय असं त्या पहिल्यांदाच म्हणत होत्या. मी लगेच चष्मा शोधून दिला.

चार दिवस माहेरी म्हणून आल्या होत्या, त्याला वर्ष होऊन गेलं. आता पुण्याहून त्यांचा मुलगा भागवत रविवारी गाडी घेऊन न्यायला येणार होता. त्यावर घरात कोणी अक्षर काढत नव्हतं. पोटचा मुलगा असताना भावाने "राहा" कसं म्हणावं? बहिणीने तरी माहेरी स्वतःहून कसं म्हणावं? आणि मी म्हटलं असतं तर गाव म्हणालं असतं, भाकरी थापायला हात पाहिजे हिला. म्हणून आम्ही सगळे दगडांवर बोलायचो. "एक पान तं पुरं बनवूनच जाईन," एवढंच बाई म्हणायच्या. भागवतच्या फ्लॅटमध्ये टकटक केली की खालच्या मजल्यावरचे वर येतात, हे त्यांना ठाऊक होतं.

पण दगड आणायचा कुठून? आमच्या वडनेर भोलजीची माती काळीभोर, खोलच खोल. कुत्र्याला हाकलायला खडा मिळायचा नाही. मोबाइलवर दगड विकत मिळतो, पण त्याहून कुरिअर महाग. रस्त्याच्या कामावरच्या मुकादमाला विचारून गिट्टी आणली, तर त्या काळ्या दगडाच्या ढलप्या कसल्या, नुसत्या कण्या पडल्या. मग ढाब्यामागे बाटल्या वेचल्या. दोन प्रौढ बाया पोतं भरून दारूच्या बाटल्या घेऊन गावात शिरल्यावर काय होतं, ते सांगत बसत नाही. काच वागायला बरी, पण बूड केवढंसं!

मग मलकापूरला एका लॉजच्या दुरुस्तीत निघालेला फुटका कमोड मिळाला. फुकट. एसटीत तो माझ्या मांडीवर. कंडक्टरने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"याचं हाफ काढू का फुल?"

"मांडीवर बसलाय नं! लेकराले कायचं तिकीट?" गोजरबाई म्हणाल्या, आणि आम्ही दोघी वडनेर येईपर्यंत हसत आलो. त्याची धार छान निघायची हो. पण बाईच म्हणाल्या, "रुख्मे, कमोडचा बाण? शिकार मरायच्या आधी हसन."

गुरुवारी संध्याकाळी वावरात गेलो. उन्हाने माती भेगाळलेली. शेजारच्या माणिकरावांच्या वावराला लागून, वाळल्या गवतात, मातीतून काहीतरी मधासारखं चमकलं. बाईंनी हातातल्या खुरप्याच्या पात्याने टकोरा मारला. टण्ण! पितळी वाटीसारखा आवाज.

"गारगोटी वं माय!"

त्यानेच उकरली. चांगली भोपळ्याएवढी. ढोराचा पाय अडकू नये म्हणून खड्डाही नीट बुजवला, वरून नाचून दाबला. खरंच नाचलो. घमेल्यात घालून आळीपाळीने डोक्यावर आणली. घरी येऊन बाईंनी पहिला घाव घातला, आणि विड्याच्या पानाएवढी सबंध, पातळ ढलपी सुटली. दिव्यासमोर धरली तर आरपार उजेड. हे जेवता जेवता उठून बघायला आले. या वेळी पुटपुटले मात्र नाहीत.

सकाळी दात घासायचा ब्रश हातात घेऊनच माणिकराव अंगणात हजर.

"तुळशीराम! धुरा सरकोला बे तुनं! ट्रॅक्टरवाला इचारून राह्यला, नांगरू कुठपर्यंत? माह्या बापानं गाडलेला दगडच गायब!"

"मी? मी कायले तुह्या धुऱ्याले हात लावू?" हे तडकले. मग त्यांची नजर ओट्यावर गेली. माझी गेली. बाईंनी चष्मा वर केला.

आमच्या मातीत दगड उगवत नाही. धुऱ्यावर, दोन वावरांच्या बांधावर दिसला म्हणजे कोणीतरी हद्दीची खूण म्हणून आणून ठेवलेला. जन्म इथे गेला आणि आम्हा दोघींच्या हे डोक्यातच आलं नाही.

वरात निघाली वावराकडे. गारगोटी पुन्हा घमेल्यात, या वेळी ह्यांच्या डोक्यावर. जागा काही सापडेना, खड्डा इतका छान बुजवलेला. मी म्हटलं इथे. बाई म्हणाल्या, "नाई, इकडे. मी उत्तरेकडे तोंड करून उकरत होती." म्हणजे हद्द हातभर आमच्याच वावरात आली. भावाचं नुकसान करून खरं बोलल्या. ह्यांनी मुकाट घमेलं तिथेच उतरवलं.

माणिकरावांचा पाराच उतरला. दगड गाडून झाल्यावर म्हणाले, "कानाचा टवका उडवला हो बाई तुमी त्याचा. एवढा शौक असन तं सांगा नं. माह्या बापानं हा दुसरबीडहून आणला होता, मामाच्या वावरातून. तिथी गारगोट्याचे ढीग हायेत. पुढच्या महिन्यात लग्नाले जाऊन राह्यलो, पोतंभर आणतो."

"पोतंभर!" बाईंचा चेहरा असा उजळला. आणि लगेच विझला. पुढच्या महिन्यात.

"हाव, तुमी तं रविवारी पुण्याले चालल्या," माणिकराव म्हणाले. "मंग दगड कोनाले देऊ? अन् हा धुरा? पुढच्या साली तुळशीराम म्हनन, इथी नव्हता, तिथी होता. खरी जागा सांगनारी तं एकच बाई. तीच नसली तं साक्षीले कोन?"

बाई नखातली माती काढत बसल्या. मी गवताकडे बघत होते.

"साक्षीचं काय घेऊन बसला बे तू!" हे एकदम ओरडले. मग बहिणीकडे वळले, आणि आवाज कुठल्या कुठे खाली गेला. "जाऊ नको बाई. भागवतले मी सांगतो. मले तू घरात पाह्यजे."