रोझाल्बाची मैत्रीण

सिरीनने आमनाच्या खांद्यावरची पिशवी ओढली आणि परत पलंगावर फेकली.

"अगं, आत मकरूद आहेत!" आमना ओरडली.

"मकरूद असोत नाहीतर सोन्याच्या विटा असोत, तू कुठेही जात नाहीयेस. चार महिने आपण कागद गोळा केले. बापाचं पगारपत्रक, बँकेचे शिक्के, कॉलेजचं पत्र, कान दिसतील असे फोटो. कशासाठी? पालेर्मोतल्या दोन दिवसांसाठी. आणि त्यातला एक तू मच्छीमारांच्या गावात घालवणार? मासेच बघायचे होते तर आपल्या महदियात काय कमी आहेत?"

"सातच्या आत परत येते."

"तोवर आमचं सगळं बघून झालेलं असेल."

हेला खिडकीत बसून केस विंचरत होती. तोंडातली पिन काढून ती म्हणाली, "जाऊ दे गं तिला. तिच्या आईचं काम आहे. माझ्या आईने तर मला चपलांचं माप दिलंय. तुझ्या आईने काय सांगितलंय?"

"फोटो काढ म्हणाली. स्वतःचे नकोत, पडद्यांचे," सिरीन म्हणाली आणि तिला स्वतःलाच हसू आलं. तेवढ्यात आमनाने पिशवी उचलली.

बसला दोन तास लागले. आमनाने पिशवी मांडीवर घट्ट धरून ठेवली होती. मकरूदांच्या, खजूर भरून तळलेल्या वड्यांच्या, डब्याच्या तळाशी तेल झिरपून कापडावर डाग पडला होता. डब्याखाली पातळ कागदात गुंडाळलेला एक पांढरा रुमाल होता. त्याच्या चारही कडांना आईने निळ्या रेशमाने वेल काढली होती.

आईने कधी म्हटलं नव्हतं, की जा. आमनाला व्हिसा मिळाल्याचं कळलं तेव्हा ती स्वयंपाकघरात कुसकुस चाळत होती. "बरं झालं," एवढंच म्हणाली आणि चाळत राहिली. तिचा स्वतःचा अर्ज दोनदा नाकारला गेला होता. दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, "पालेर्मोहून मझारा काही फार लांब नाही." आणि निघायच्या आदल्या दिवशी तिने कॅलेंडरच्या पानामागे काढलेला नकाशा आमनाच्या हातात ठेवला. बंदर, चर्च, तीन वळणांची गल्ली, बाहेरून वर जाणारा जिना, निळं दार. चाळीस वर्षांपूर्वी सोडलेलं गाव तिने पेन्सिलने काढलं होतं आणि एक रेषही खोडलेली नव्हती.

आमनाचे आजोबा मझाराच्या मासेमारी ट्रॉलरवर कामाला होते. आईचं सगळं बालपण त्या गल्लीत गेलं. आजोबांचा हात दोरखंडात सापडला, दोन बोटं गेली आणि घर महदियाला परत आलं, तेव्हा आई नऊ वर्षांची होती. पण आमनाला लहानपणी झोपवताना आईने सांगितलेल्या बहुतेक गोष्टी त्या नऊ वर्षांतल्याच होत्या, आणि त्यांची सुरुवात ठरलेली असायची: मी आणि रोझाल्बा. मी आणि रोझाल्बा गच्चीवर चढलो. मी आणि रोझाल्बाने पाद्रीबाबांच्या झाडाची संत्री तोडली. आमनाला स्वतःच्या शाळेतल्या मुलींपेक्षा रोझाल्बा जास्त ओळखीची होती.

बंदराजवळच्या कॅफेत तीन म्हातारे पत्ते खेळत होते. त्यांची बोली थेट महदियाची होती. आमनाने सलाम केला.

"कुणाची गं तू?" एकाने पत्त्यांवरून नजर न काढता विचारलं.

"बुरावींची. अम्मार बुरावींची नात."

"बोटं गेलेला अम्मार?" आता तिघांनीही वर पाहिलं. "अल्लाह त्याला जन्नत देवो. पत्त्यांत लबाडी करायचा."

"तू करत नाहीस वाटतं," दुसरा म्हणाला. "कोणाकडे आलीस, पोरी?"

"रोझाल्बा म्हणून एक होत्या..."

"होत्या काय, आहे! दोऱ्या-बटणांचं दुकान. चर्चमागे वळ. दुपारी बंद करते, पाय उचल."

नकाशा बरोबर होता. फक्त निळं दार आता हिरवं होतं आणि तळमजल्यावर दुकान निघालं होतं. आत एक ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई गिऱ्हाइकाला लेस मोजून देत होती. चष्मा दोरीने गळ्यात लटकत होता. आमनाने बसमध्ये पाठ केलेलं वाक्य म्हटलं. शाळेत तीन वर्षं इटालियन घेतलं होतं, तरी जीभ अडखळलीच.

"मी महदियाहून आले. अम्मार बुरावींची नात."

कात्री लेसमध्ये अर्ध्यावर थांबली. बाईने चष्मा डोळ्यांवर चढवला.

"मोनिया," ती म्हणाली.

ती काउंटरमागून बाहेर आली, आमनाचा चेहरा दोन्ही हातांत धरला, उजेडाकडे वळवला. "मोनियाची मुलगी. ही हनुवटी बघा! बघा हो तुम्ही, ही तिची हनुवटी आहे की नाही?" तिने गिऱ्हाइकाला विचारलं. मोनियाला आयुष्यात न पाहिलेल्या त्या बाईने मान डोलावली.

"नाही, म्हणजे, माझी आई..." आमना सांगू लागली. पण तोवर तिचं तोंड रोझाल्बाच्या खांद्यात दाबलं गेलं होतं. गिऱ्हाइकाला लेस फुकट मिळाली, "सोमवारी या" असा निरोप मिळाला, आणि दुकानाचं शटर अर्धं खाली आलं.

मोनिया ही आमनाची मावशी. आईपेक्षा चार वर्षांनी मोठी. सहा वर्षांपूर्वी, रमजानच्या आधी, ती गेली.

आतल्या खोलीत रोझाल्बाने कॉफी चढवली. तिला बोलायला माणूस नको होतं, फक्त ऐकायला हवं होतं. डब्याचं झाकण उघडून तिने एक मकरूद तोंडात टाकला आणि डोळे मिटले. "तुझी आजी करायची, तसाच. आम्ही गच्चीवर चोरून न्यायचो. आणि सार्डिन! सांगितलंय तिने तुला? माझ्या बापाच्या टोपलीतून सात सार्डिन पळवले, पत्र्यावर भाजले. जळणाला काय, तर खुर्चीचा पाय. तुझ्या आईच्या फ्रॉकला ठिणगी लागली आणि..."

"एवढं भोक पडलं," आमनाच्या तोंडून निघून गेलं. तिने अंगठा आणि बोट जुळवून दाखवलं, आई दाखवायची तसं.

"सांगितलंय!" रोझाल्बाने टाळी वाजवली. "विसरली नाही ना ती! मला वाटायचं, विसरली असेल. चाळीस वर्षांत एक पत्र नाही."

आमनाने कॉफीचा घोट घेतला. ती कडू होती, तरी तिने साखर मागितली नाही. मोनिया खालाने मझाराचं नावही कधी काढलं नव्हतं. कुणी विचारलंच तर नाक मुरडून म्हणायची, काय सांगायचंय त्यात, सगळ्या गावाला माशांचा वास यायचा. आई त्या वेळी ताटं उचलून आत निघून जायची.

"तुम्ही दोघीच असायचा? गच्चीवर?" तिने विचारलं.

"दोघीच. तिसरं कोण?" रोझाल्बा म्हणाली. मग कपाळाला आठी घातली. "थांब, थांब. एक धाकटी होती! मोनियाची बहीण. सारखी मागे मागे. शेपूट नुसतं! वर घेतलं तर घरी जाऊन सांगेल म्हणून आम्ही तिला जिन्याखाली उभी करायचो. कुणी आलं तर शिट्टी वाजव म्हणायचो. आणि बिचारीला शिट्टीच वाजवता यायची नाही." ती हसायला लागली, हसता हसता चष्मा पुसू लागली. "दुष्ट होतो गं आम्ही. खालूनच विचारायची, 'झालं का? येऊ का?' आणि आम्ही म्हणायचो, अजून नाही. काय बरं तिचं नाव..."

तिने बोटांनी कपाळावर टकटक केली.

"नाही आठवत," ती म्हणाली.

आमनाने कप खाली ठेवला. मग पातळ कागद सोडवून रुमाल टेबलावर पसरला. रोझाल्बाने त्यावरून हात फिरवला, धंद्यातल्या माणसाच्या नजरेने तो उलटा करून मागची बाजू पाहिली. मागेही पुढच्याइतकीच सफाई होती.

"हे मोनियाने केलं? तिला साधं बटण लावता यायचं नाही!"

आता सांगायला हवं होतं. आमनाने मनात वाक्य जुळवायला घेतलं. माझ्या आईचं नाव मोनिया नाही. मोनिया माझी मावशी. ती वारली. तिन्ही वाक्यं सोपी होती, पहिल्या वर्षाच्या पुस्तकातली. समोर रोझाल्बा कपाटात काहीतरी शोधत होती आणि स्वतःशीच गुणगुणत होती. आमना पहिलं वाक्य बोलणार, तेवढ्यात टेबलावरचा तिचा फोन वाजला.

स्क्रीनवर आईचा चेहरा होता. आमनाने फोन कापला. तो लगेच पुन्हा वाजला.

"तीच ना?" रोझाल्बा वळली. "उचल, उचल की!"

"तिला... मी जरा आधी..."

रोझाल्बाने फोन घेतला, दोन्ही हातांनी समोर धरला आणि हिरवं बटण दाबलं.

महदियाच्या स्वयंपाकघरात आई उभी होती. तिने चांगली ओढणी घेतली होती, सणाला घ्यायची ती. ओठांना हलकासा रंगही लावला होता. कधीपासून तयार होऊन बसली होती कोण जाणे. स्क्रीनवर आमनाऐवजी दुसरीच बाई पाहून ती आधी दचकली. मग तिचे डोळे मोठे झाले आणि सगळा चेहरा उघडत गेला.

"मोनिया!" रोझाल्बा ओरडली. "मोनिया, हलकट, जिवंत आहेस!"

आमना रोझाल्बाच्या मागे उभी होती. तिला आईचा चेहरा नीट दिसत होता. तो एकाएकी स्थिर झाला. आईने रोझाल्बाच्या खांद्यावरून आमनाकडे पाहिलं. मग ओढणीचं टोक खांद्यावर सारखं केलं. त्याला तिने बराच वेळ लावला.

"हो," ती म्हणाली. "मीच."

आमनाने आईला इटालियन बोलताना कधी ऐकलं नव्हतं. आमनाला येत असलेली भाषा पुस्तकातली होती. आईची भाषा गल्लीतली होती, शब्दांची टोकं गिळणारी, नऊ वर्षांच्या मुलीची. आवाजही तेवढाच कोवळा झाला होता.

रोझाल्बा रडली, शिव्या घातल्या, पत्र का नाही पाठवलंस म्हणून जाब विचारला. आईने सांगितलं, पत्ता हरवला होता. सार्डिन निघाले, खुर्चीचा पाय निघाला. गच्चीवरून काय काय दिसायचं, ते निघालं. आई अगदी थोडं बोलत होती. "हो," म्हणत होती, "आठवतं," म्हणत होती. रोझाल्बाने गच्चीवरच्या कबुतरांच्या खुराड्याचा विषय काढला, तेव्हा मात्र तिने "आठवतं" म्हटलं नाही; ती गोष्ट आमनानेही कधी ऐकली नव्हती.

"आणि ती धाकटी?" रोझाल्बाने विचारलं. "आपलं शेपूट? कशी आहे ती?"

आईने एकदा आमनाकडे पाहिलं.

"बरी आहे. इथेच असते. शिवण-भरतकाम करते." मग म्हणाली, "तुझी फार आठवण काढते. अजून."

"माझी?" रोझाल्बा हसली, पण ते हसू अर्ध्यात राहिलं. तिने टेबलावरच्या रुमालाकडे पाहिलं, मग पुन्हा स्क्रीनकडे. "माझी कशाला गं? मला तर तिचं नावसुद्धा आठवत नाहीये. आत्ताच तुझ्या मुलीला सांगत होते. काय नाव तिचं?"

"सालिहा."

"सालिहा," रोझाल्बा म्हणाली. तिला ते नीट जमलं नाही, म्हणून तिने पुन्हा म्हणून पाहिलं. "सा-लि-हा. हो, बरोबर, सालिहा. तिला माझा नमस्कार सांग. आणि सांग, ये म्हणावं आता वर. कुणी अडवणार नाही."

स्क्रीनवरचं चित्र हललं. आईचा चेहरा गेला. स्वयंपाकघराचं छत दिसू लागलं, दिव्याभोवती काळवंडलेला गोल. मग आवाज आला, थोडा लांबून: "सांगते." आणि फोन बंद झाला.

"रेंज गेली असेल," रोझाल्बा नाक पुसत म्हणाली. तिने ड्रॉवरमधून स्वतःचा फोन काढला, चष्मा ठाकठीक केला. "दे तिचा नंबर. आता सोडत नाही तिला. रविवारी करीन. दर रविवारी."

आमनाने नंबर सांगितला. रोझाल्बाने जाड बोटाने एकेक आकडा दाबला, वाचून दाखवला, मग थांबली.

"नाव कसं लिहितात गं तुमच्याकडे? सांग, एकेक अक्षर सांग."

आमनाचा फोन टेबलावर थरथरला. सिरीनचा संदेश होता, तिघींसाठी जेवणाची जागा बघून ठेवल्याचा. तिने तो पालथा घातला. रोझाल्बा बोट वर धरून वाट पाहत होती.

"एम," आमना म्हणाली.

"एम. पुढे?"

आमनाने पुढची अक्षरं सांगितली, सावकाश, एकही न चुकता.