सोळा व्हायोलिनं

लॉरेल गॅपमध्ये रॉइस टॅकेटच्या पहिल्या अल्बमबद्दल चांगला शब्द काढायची कुणाची छाती नव्हती. तशी सक्ती कुणी केलेली नव्हती. पण आर्व्हेटा प्रूइटच्या देखत तसं बोलणं म्हणजे चालत्या बससमोर जाऊन उभं राहणं. बस तिनं तीस वर्षं चालवलीही होती, शाळेची, केंटकीच्या त्या डोंगरातल्या वळणांवरून, मागे पोरं बोंबलत असताना. त्यामुळे तिचा आवाज असा तयार झाला होता की ती कुजबुजली तरी रस्त्यापलीकडच्या पेट्रोल पंपावर कळायचं.

रॉइस याच गावचा. बाप कोळशाच्या खाणीत, आई रविवारी चर्चमध्ये गाणारी. विशीत तो गिटार खांद्याला अडकवून नॅशव्हिलला, गाण्यांच्या कंपन्यांच्या शहरात, गेला आणि तिसऱ्या अल्बमनं त्याचं नाव झालं. एक गिटार, एक बँजो, आणि घशात खडी अडकल्यासारखा तो आवाज. गावानं तो आवाज आपला मानला. चाहत्यांचं मंडळ निघालं, आर्व्हेटा अध्यक्ष झाली आणि अजूनही तीच होती.

पण तिसऱ्याच्या आधी पहिला येतोच. त्याचं नाव 'मखमली रात्री'. कव्हरवर रॉइस पीच रंगाच्या सुटात, केस चापूनचोपून बसवलेले, पियानोवर कोपर टेकून उभा. पियानो त्याला जन्मात वाजवता आला नाही. आणि आत गाणी अशी, की दर ओळीमागे व्हायोलिनांचा लोंढा यायचा आणि बिचाऱ्याचा आवाज त्यात गटांगळ्या खायचा.

"ती गाणी नव्हेतच," आर्व्हेटा म्हणायची. "दाताच्या डॉक्टरकडे ताटकळत बसलं की भिंतीतून जे ऐकू येतं ना, ते आहे ते."

दर गुरुवारी दुपारी डेल्फियाच्या हॉटेलात मंडळ जमायचं. मंडळ म्हणजे आता उरलेली चार डोकी. त्यात खाणीतून निवृत्त झालेला डब कॉम्ब्स होता, आणि रॉइसची धाकटी बहीण नेल्डा होती. बीन्स आणि मक्याचा कॉर्नब्रेड समोर येईपर्यंत 'मखमली रात्री'ची पिसं काढायची, हा त्यांचा जेवणाआधीच्या प्रार्थनेसारखा नेम होता. त्या गुरुवारी तर विषयाला जोरच होता. जुन्या रेल्वे स्टेशनात रॉइसच्या नावाचं दालन तयार झालं होतं आणि शनिवारी तो स्वतः उद्घाटनाला येणार होता. भिंतीवर सगळे अल्बम लावायचे ठरले होते. प्रश्न होता तो पहिल्याचा.

"लावू या की," डब म्हणाला. "स्टेशनात उंदीर फार झालेत. तो सूट बघून पळतील."

"पळतील कसले, झोपतील," आर्व्हेटा म्हणाली. "मी अध्यक्ष आहे तोवर ते धूड त्या भिंतीवर चढणार नाही. अरे, त्या पोराचा काय दोष होता? कंपनीवाल्यांनी धरला त्याला, आंघोळ घातली, सूट चढवला आणि वरून ते साखरेचं पाणी ओतलं. खाणीतल्या माणसाचा विशीतला पोरगा. कुणाच्या तोंडाला लागणार होता?"

हे तिनं मनानं रचलेलं नव्हतं. रॉइस प्रत्येक मुलाखतीत हेच सांगायचा.

काउंटरपाशी एक म्हातारा कॉफी पीत बसला होता. उंच, किडकिडीत, इस्त्रीचा शर्ट. गावातला नव्हता. त्यानं स्टूल वळवलं.

"माफ करा, बाई. सगळ्यात वाईट गाणं कुठलं वाटतं तुम्हाला?"

"तुम्ही ऐकलाय तो अल्बम?"

"ऐकलाय थोडाफार."

"मग विचारता कशाला? तिसरं! बायको सोडून चाललीय, गडी दारात उभा आहे, एवढी साधी गोष्ट. आणि मागून व्हायोलिनं अशी घुसतात, जणू राणीची मिरवणूक निघालीय. अहो, त्या माणसानं रडायचं कधी? त्याला जागा तरी ठेवाल की नाही?"

म्हाताऱ्यानं मान हलवली. "खरंय. तिथं फारच झालं." मग कप खाली ठेवून म्हणाला, "ती व्हायोलिनं मी लिहिली. मी लेलँड व्हॉस."

डबचा चमचा हवेतच राहिला. डेल्फिया काउंटरमागून पुढे आली.

"आणि हे सांगून तुम्ही इथं निवांत कॉफी पिताय?" डब म्हणाला. "जिगर आहे बुवा तुमची."

"मी चारच लिहिली होती," व्हॉस म्हणाला. "चार व्हायोलिनं, तीही मागे, हळू. रॉइस म्हणाला, सोळा पाहिजेत. कंपनी नको म्हणत होती. मी नको म्हणत होतो. तो हटून बसला."

आर्व्हेटा उठली. ती उठली की टेबल थोडं सरकायचं.

"लाज कशी वाटत नाही हो? चाळीस वर्षांनी उगवलात आणि स्वतःचा चिखल त्याच्या अंगावर उडवताय?"

"उडवत नाही, बाई. तुम्ही इतकं मनापासून बोलत होतात, राहवलं नाही, एवढंच." त्यानं टोपी घातली. "शनिवारच्या कार्यक्रमाचं पेपरात वाचलं, म्हणून आलो होतो. येतो."

तो गेल्यावर डबनं त्याच्या चालण्याची नक्कल केली आणि सगळे हसले. नेल्डा मात्र हसली नाही. ती काळ्या कॉफीत चमचा फिरवत बसली होती, आणि कॉफीत तिनं साखर कधी घेतल्याचं कुणाला आठवत नव्हतं. आर्व्हेटाला ते दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती नेल्डाच्या ओसरीवर हजर झाली. नेल्डा मांडीवर पातेलं घेऊन शेंगा मोडत होती.

"खरं सांग," आर्व्हेटा म्हणाली. "तो म्हातारा खोटं बोलला ना?"

नेल्डानं दोन-तीन शेंगा मोडल्या. मग म्हणाली, "नाही गं."

"म्हणजे?"

"म्हणजे त्यालाच हवी होती ती व्हायोलिनं. आमच्याकडे बॅटरीवरचा रेडिओ होता. रात्री कुठलं तरी लांबचं स्टेशन लागायचं, मोठा वाद्यवृंद असायचा त्यावर. रॉइस कान लावून बसायचा. बाबा ओरडायचे, बॅटरी संपव सगळी. अल्बम झाला तेव्हा त्यानं खालच्या दुकानात फोन केला. आईला बोलावून घेतलं आणि तिकडून फोन स्पीकरला लावून धरला. आई दुकानात पिठाच्या पोत्यावर बसून ऐकत होती. म्हणाली, बाळा, स्वर्गात जायला दार उघडल्यासारखं वाटतंय."

"आणि मग कंपनी कुठून आली?"

"मग लोक हसले. पेपरात त्या सुटाची टिंगल झाली. कुणीतरी विचारलं, हे काय केलंस, तर हा म्हणाला, मला करायला लावलं. ते लोकांना इतकं आवडलं, आर्व्हेटा! लगेच सगळे त्याच्या बाजूचे झाले. मग तेच चालू राहिलं."

"आणि तू? तू चाळीस वर्षं माझ्यासमोर बसून हसत होतीस?"

"भाऊ आहे तो माझा," नेल्डा म्हणाली. "आणि तू बोलतेस इतकं झकास. तुला थांबवणार कसं?"

आर्व्हेटा घरी आली ती धुमसतच. अल्बम वाईट होता, त्याबद्दल तिच्या मनात काडीची शंका नव्हती. पण नॅशव्हिलच्या ज्या माणसांना तिनं कधी पाहिलं नव्हतं, त्यांना तिनं इतकी वर्षं मंडळाच्या पत्रकाच्या प्रत्येक अंकात सोलून काढलं होतं. पोरांना बसमध्ये गाणी ऐकवतानासुद्धा सांगितलं होतं, मोठ्या शहरातली माणसं आपल्यासारख्यांचं असं वाटोळं करतात. ते सगळं कुणाच्या सांगण्यावरून? ज्यानं केलं, त्याच्याच.

शनिवारी दुपारी स्टेशनाच्या फलाटावर अख्खं गाव लोटलं होतं. रॉइस आला, पांढरी दाढी, जुनाट डेनिम, मुद्दाम मळवल्यासारखे बूट. दोन गाणी म्हटली आणि मग माइक हातात घेऊन गप्पांना लागला. आर्व्हेटा पहिल्या रांगेत, छातीवर अध्यक्षाचा बिल्ला. त्यानं तिच्याकडे बोट दाखवलं.

"ही बाई माझा पहिला अल्बम इथं लावू देत नाही म्हणे! शाबास, आर्व्हेटा! काय सांगू मंडळी, त्या नॅशव्हिलवाल्यांनी माझी पार लग्नातली मिठाई केली. माझी आई ऐकून रडली. म्हणाली, माझ्या लेकराला काय केलंत हे!"

फलाट हसून हसून लोळला. डबनं शिट्टी मारली. आर्व्हेटानं नेल्डाकडे पाहिलं. ती बुटांच्या नाड्या बघत होती. आईचं नाव नसतं घेतलं, तर कदाचित आर्व्हेटानं गिळूनही टाकलं असतं.

लेलँड व्हॉस मागे खांबापाशी कागदी बशीत भाजलेलं डुकराचं मांस घेऊन उभा होता. लोकांबरोबर तोही थोडा हसला होता. सह्यांची रांग लागली तेव्हा आर्व्हेटानं जाऊन त्याच्या हातातली बशी काढून घेतली.

"चला."

"कुठं? नको, बाई. मी फक्त बघायला आलो होतो."

"मग जवळून बघा."

रांगेतून वाट काढत तिनं त्याला रॉइसच्या टेबलापर्यंत नेलं. कुणी कुरकुरलं नाही. तिच्या बसमध्ये बसलेलीच माणसं होती ती.

"यांना ओळखलंस?" तिनं रॉइसला विचारलं.

रॉइसनं सराईतपणे हसून फोटो पुढे ओढला. "या, या, काका. कुणाच्या नावानं करू सही?"

"लेलँडच्या," व्हॉस म्हणाला.

पेन थांबलं. रॉइसनं वर पाहिलं, नीट पाहिलं, आणि दाढीच्या वरचा भाग हळूहळू लाल झाला.

"अरे... लेलँड! किती वर्षांनी!"

"चार मागवली होती की सोळा?" आर्व्हेटानं विचारलं. तिनं आवाज चढवला नव्हता, पण रांगेच्या शेवटापर्यंत ऐकू गेलं.

"आर्व्हेटा, अगं, ते स्टेजवरचं बोलणं असतं. लोकांना हसवायला."

"चाळीस वर्षं?"

"कंपनीला काय फरक पडतो? कुणाचं नुकसान झालं त्यात?"

"कंपनीला नसेल पडत. हा माणूस कंपनी आहे का? आणि तुझी आई?" ती म्हणाली. "तिला ती व्हायोलिनं आवडली होती, रॉइस. पिठाच्या पोत्यावर बसून ऐकली तिनं, आणि तू तिला इथं सगळ्यांसमोर रडवलंस."

रॉइसनं बहिणीला शोधलं. नेल्डा रांगेच्या बाजूला उभी होती. या वेळी तिनं नजर काढून घेतली नाही.

"अल्बम भिकारच आहे," आर्व्हेटा म्हणाली. "मी मरेपर्यंत भिकारच म्हणणार. पण तुझं ते भिकार तुझं आहे. दुसऱ्याच्या दारात टाकू नकोस."

रॉइसनं हसायचा प्रयत्न केला. "लेलँड, तू तरी सांग हिला, किती मजा आली होती तेव्हा."

"मजा आली होती," व्हॉस म्हणाला. "तू सोळा म्हणालास तेव्हा मी सांगितलं होतं, तुझा आवाज बुडेल. तू म्हणालास, बुडू दे."

रॉइसनं मान खाली घातली आणि पुढच्या माणसाचा फोटो ओढला. रांग पुन्हा सरकू लागली.

आर्व्हेटाला वाटलं होतं तसं गाव काही तिच्या बाजूनं उभं राहिलं नाही. डब तर भडकलाच. "आपला माणूस एवढ्या लांबून आला आणि तू त्याला परक्यापुढे उघडा पाडलास! थोडं तिखटमीठ लावून कोण बोलत नाही?" बाकीच्यांचंही तेच. दोन बायका तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, निवृत्त झाल्यापासून हिला ओरडायला कुणी उरलं नाही, म्हणून हे. आर्व्हेटानं बिल्ला काढून डबच्या शर्टाच्या खिशात घातला आणि फलाट उतरली. बरं वाटत नव्हतं तिला. रॉइसचा तिसरा अल्बम तिनं नवऱ्याच्या आजारपणात रोज लावला होता; ती गाणी आता पूर्वीसारखी ऐकू येतील का, कुणास ठाऊक.

व्हॉस तिच्या मागोमाग चालत आला. डेल्फियाच्या हॉटेलात सगळी टेबलं रिकामी होती.

"माझ्यामुळे तुमच्या गावात तुमचं वाईट झालं," तो बसत म्हणाला.

"तुमच्यामुळे नाही. बीन्स खाणार?"

त्यानं बीन्स मागवल्या. थोडं खाऊन झाल्यावर त्यानं विचारलं, "तिसऱ्या गाण्याचं तुम्ही सांगितलंत. बाकीच्यांचं काय?"

"बाकीची ऐकायची ताकद आहे का?"

"या वयात आणखी काय होणार आहे मला?"

तेव्हा आर्व्हेटा सुरू झाली. पहिल्या गाण्यात सतार कशाला वाजते, चौथ्यात ढोल इतका दमलेला का, पाचव्यात तो श्वास घ्यायला थांबतो तिथं ती घंटा कुणाच्या डोक्यातून निघाली. एकेक ओळ तिला पाठ होती. व्हॉस ऐकत होता. मध्येच "हो, ती घंटा माझी" किंवा "सतार रॉइसची" असं कबूल करत होता. त्याचे डोळे चमकायला लागले होते.

"त्या अल्बमबद्दल," तो म्हणाला, "इतकं बारीक माझ्याशी कुणी कधी बोललं नाही. कंपनीतसुद्धा कुणी शेवटपर्यंत ऐकला नव्हता."

"दुसऱ्या गाण्याच्या शेवटी एक जागा आहे," आर्व्हेटा जरा घुटमळत म्हणाली. "सगळं थांबतं आणि एकच व्हायोलिन वाजतं. थोडंसंच. तिथं त्याचा आवाज ऐकू येतो."

"ते मी घातलं. रॉइस तेव्हा सिगरेट ओढायला बाहेर गेला होता."

तिला हसू फुटलं, आणि आवरेना. डेल्फिया कॉफीचं भांडं घेऊन बघायला आली.

"ते बरं आहे," डोळे पुसत आर्व्हेटा म्हणाली. "पण मग लगेच पुढच्या गाण्यात त्या बारा बायका कोरसच्या नावाखाली आरडाओरडा करायला का आणून बसवल्यात, ते सांगा आधी."