मधला सूर्य

सस्काटूनच्या विद्यापीठातल्या एका जुन्या दगडी इमारतीत, दर गुरुवारी सकाळी, आधुनिक पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या इतिहासाचा वर्ग भरत असे. आणि त्या वर्गात तत्त्वज्ञांची नावे घ्यायला बंदी होती. “नाव उच्चारलं की माणसाला वाटतं, आपल्याला कळलं,” असे प्राध्यापक हालिना कोवाल यांनी पहिल्याच दिवशी बजावले होते. ज्याच्या तोंडून नाव निसटेल त्याने खाली जाऊन अख्ख्या वर्गासाठी कॉफी आणायची, हा त्यांचा दंड. त्यामुळे तीन-चारशे वर्षांपूर्वीचे ते थोर लोक त्या खोलीत नावावाचूनच वावरत. एक शेगडीशेजारी बसून सगळ्या जगावर शंका घेणारा. एक भिंगे घासून पोट भरणारा. एक बिलियर्डच्या चेंडूंकडे टक लावून कारण आणि कार्य यांच्यामधला धागा शोधणारा, आणि तो न सापडल्याचे शांतपणे सांगून टाकणारा.

सुरुची धर्माळेने पहिल्या तीन आठवड्यांत चारदा कॉफी आणली.

तिला ही सगळी नावे लहानपणापासून पाठ होती. तिचे वडील, विलास धर्माळे, वर्ध्याच्या महाविद्यालयात तीस वर्षे तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. त्यांच्या हातच्या अकरा वह्या विदर्भभर फिरल्या होत्या. त्यांच्या झेरॉक्सवर किती पोरे पदवीधर झाली याची मोजदाद नव्हती. प्रत्येक तत्त्वज्ञाला आठ पाने: प्रस्तावना, विवेचन, आक्षेप, समारोप. जगावर शंका घेणाऱ्यालाही आठच पाने, आणि शेवटी निळ्या शाईची दुहेरी रेघ, की संपली शंका.

म्हणून पहिला निबंध लिहिताना सुरुचीला काहीच कष्ट पडले नाहीत. इंद्रिये फसवतात का, हा विषय. वही डोळ्यांपुढे उघडल्यासारखी होती. तिने ती इंग्रजीत उतरवली. निबंध परत आला तेव्हा त्यावर गुण नव्हते. खाली पेन्सिलीने लिहिले होते: ‘यात एकही चूक नाही. यातलं तुला काय खरं वाटतं? मंगळवारी साडेनऊला येऊन सांग. वही, कागद, फोन आणू नकोस.’

तिचा एम.ए.चा प्रवेश सशर्त होता. या विषयात नापास झाली तर प्रवेश जाणार, आणि प्रवेशामागोमाग इथे राहण्याचा परवानाही.

रविवारी तिने वडिलांना फोनवर ती पेन्सिलीची ओळ वाचून दाखवली. पलीकडे पंख्याच्या घरघरीत ते ती ओळ स्वतःशीच पुटपुटले.

“बाबा?”

“आहे मी.” ते खाकरले. “त्या वह्या पास होण्यासाठी होत्या गं. मीच शंका घेत बसलो असतो तर पोट्टे नापास झाले असते ना.”

“पण तुम्हाला काय वाटायचं? खरंच फसवतात इंद्रियं?”

“मला?” ते चाचरले. तीस वर्षे वर्गावर हुकूम चालवलेला तो आवाज एकाएकी विद्यार्थ्याचा झाला. “हे मला कोणी विचारलंच नाही, बाळा.”

सोमवारचा अख्खा दिवस सुरुची स्वतःचे मत शोधत राहिली. मत सापडेना. जिथे हात घालावा तिथे वडिलांचे वळणदार अक्षर लागे.

मंगळवारी सकाळी पारा उणे अडतीसवर होता. दोघींच्या भाड्याच्या बेसमेंटमधून ती आणि साक्षी एकत्रच बाहेर पडल्या. साक्षी साताऱ्याची, कॉलेज करून एका ग्रोसरी स्टोअरमध्ये पार्टटाइम काम करणारी, पीआरच्या, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या, फॉर्मखेरीज कुठल्याही तत्त्वज्ञानावर विश्वास न ठेवणारी. बस येईना, तेव्हा दोघी नदीवरच्या पुलावरून चालत निघाल्या.

“तुझ्या त्या शेगडीवाल्याला इथे आणून उभं करायला पाहिजे,” साक्षी स्कार्फच्या आतून म्हणाली. “उणे अडतीसमध्ये बस सुटली ना, की ती खरोखर सुटलेली असते. डाउट घ्यायला जागाच नाही.”

“त्याला शेगडी होती म्हणून तर शंका घेता आली.”

“हे सांग तुझ्या मॅडमना. एवढ्यावर पास करतील.”

पुलाच्या मध्यावर सुरुचीने मान वर केली आणि जागच्या जागी थांबली.

आग्नेयेला, क्षितिजापासून हातभर वर, तीन सूर्य उभे होते.

मधला नेहमीचा. त्याच्या उजवीडावीकडे, सारख्याच अंतरावर, त्याच्याच उंचीवर, आणखी दोन. आतल्या कडेला तांबूस, बाहेरच्या अंगाला शुभ्र शेपटी फुटलेले, आणि इतके तेजस्वी की डोळ्यांत पाणी येऊन ते पापणीवरच गोठावे. हवेत बर्फाचे बारीक कण तरंगत होते. कुणी आकाश कुटून त्याचा चुरा हळूहळू सोडत असावे तसे. खाली नदी गोठून मुकी झाली होती. शहराच्या धुराड्यांमधून निघालेली वाफ सरळ वर जाऊन थबकली होती. एवढ्या प्रचंड गोष्टीचा कुठेही, कसलाही आवाज नव्हता.

“सनडॉग्ज,” साक्षी म्हणाली. “स्टोअरमधली माणसं सांगत होती. बर्फाच्या कणांमुळे दिसतात. मधला खरा, बाजूचे खोटे.”

“कशावरून?”

“म्हणजे काय, कशावरून? सूर्य एकच असतो.”

“हे ठाऊक आहे म्हणून म्हणतेस. नुसतं बघून सांग.”

साक्षीने तिच्याकडे पाहिले, उसासा टाकला, आणि हातमोज्यातला अंगठा उंचावून मधला सूर्य झाकला. बाजूचे दोघे जसेच्या तसे तळपत राहिले. मग दोघी वीस-पंचवीस पावले चालल्या. तिन्ही सूर्य पुलाच्या कठड्यावरून त्यांच्याबरोबर चालत आले. बाजूचे आले, तसाच मधलाही आला.

“बरं,” साक्षी हट्टाला पेटून म्हणाली, “मधला ऊब देतो. तो खरा.” तिने हातमोजा काढून तळहात उन्हात धरला. पाच सेकंद, दहा सेकंद. मग घाईघाईने हात काखेत खुपसला. “नाही देत मेला.”

सुरुची हसली नाही. मधला खरा आहे हे तिला पक्के ठाऊक होते; पण ते ठाऊक असणे या आकाशात कुठेच नव्हते. ते डोळ्यांनी आणले नव्हते, कातडीने आणले नव्हते. ते तिच्याजवळ आधीपासून होते, आणि त्याच्या जोरावर ती जन्मभर वर पाहत आली होती. वहीतल्या त्या आठ पानांत जो शेगडीवाला कधीचा मरून पडला होता, तो या क्षणी तिच्या शेजारी कठड्याला टेकून उभा होता, आणि त्यालाही थंडी वाजत होती.

“चल,” साक्षी म्हणाली. “गोठशील, मग खरी का खोटी कुणी विचारणार नाही.”

प्राध्यापक कोवाल यांच्या खोलीत पडदे ओढलेले होते. टेबलावर गुणांचा एक कोरा फॉर्म होता, त्यावर पेन्सिल.

“सांग,” त्या म्हणाल्या.

सुरुचीने तोंड उघडले आणि वडिलांचे पहिले वाक्य जिभेवर आले. तिने ते गिळले. मग तिने पुलावरचे सगळे सांगितले; अंगठा, वीस-पंचवीस पावले, साक्षीचा उघडा तळहात. तिचे इंग्रजी अडखळत होते. प्रस्तावना नव्हती. मध्येच तिला कळले की आपण एकदाही कुणाचे नाव घेतलेले नाही, आणि तेही ठरवून नव्हे.

“म्हणजे इंद्रियांनी तुला फसवलं?” कोवाल यांनी विचारले.

“नाही. त्यांनी तीन दाखवले, तीन होते. कुठला खरा हे ती बोललीच नाहीत. ते मी बोलले. मला वाटायचं, मी ते बघून बोलते.”

“आणि मधला? तो तर खरा आहे ना?”

उत्तर सोपे होते. होय म्हटले असते तर संपले असते.

“आहे,” ती हळू म्हणाली. “पण आज सकाळपासून मला ते कशावरून म्हणायचं ते सांगता येत नाही. पुस्तकात आक्षेप असतो, त्याखाली उत्तर असतं. मला आक्षेप सापडलाय. उत्तर नाही.”

म्हाताऱ्या बाई काठीच्या आधाराने उठल्या आणि त्यांनी पडदा बाजूला सारला. सूर्य आता आणखी वर आला होता; डावा विझला होता, उजव्याची नुसती तांबूस खूण उरली होती.

“साठ वर्षं झाली,” काचेकडे पाहत त्या म्हणाल्या. “शाळेच्या वाटेवर पहिल्यांदा पाहिले. मलाही अजून सांगता येत नाही.”

परत येऊन त्यांनी उभ्या-उभ्याच फॉर्मवर एक आकडा लिहिला आणि तो तिच्याकडे सरकवला. पास होण्यापुरता होता. एकानेही अधिक नाही. “उत्तर आणलं असतंस तर याहून कमी गुण दिले असते,” त्या म्हणाल्या. “आता निबंध लिही.”

सुरुची धावत बेसमेंटमध्ये आली आणि तिने वर्ध्याला फोन लावला. आई झोपली होती. बाबा जागेच होते.

“पास?” त्यांनी आधी विचारले.

“पास. बाबा, आज आकाशात तीन सूर्य होते.”

“तीन?” पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “थांब, थांब जरा. वही घेतो.”

कपाट उघडले, कागद चाळले गेले. मग पुन्हा तो विद्यार्थ्याचा आवाज.

“कोरं पान काढलं आहे. आता सांग. हळूहळू सांग बाळा, आणि तुला दिसलं तेवढंच.”