दोनवरचा हिरवा

मामांनी भाची लहानाची मोठी केली, शिकवली आणि वर आपल्याच कारखान्यात दिवे तपासायच्या कामाला चिकटवली. एवढे उपकार डोक्यावर असले की मान आपोआप होकारार्थी हलते. तिची अकरा वर्षं हलत होती.

आज मात्र अडली. बोगद्यातल्या सिग्नलसाठी हिरव्या एलईडींचा माल निघायचा होता. वीस मिलिअँप विजेच्या प्रवाहाला रंग चोख. पण रात्री गाडीवाल्यांचे डोळे दिपू नयेत म्हणून बोगद्यात प्रवाह दोनवर उतरवणार होते, आणि दोनवर तोच हिरवा चक्क पिवळा पडत होता.

"कागदावर रकाना वीसचाच आहे ना?" मामा सकाळी म्हणाले होते. "मग नसती उठाठेव कशाला? हिरवा तो हिरवाच. लोक काय आंधळे आहेत? जेवणाआधी सही पाहिजे."

अंधाऱ्या खोलीतली मोजणी संपवून तिने बटण दाबलं. दाराबाहेरचा पिवळा दिवा विझून हिरवा लागला. पिवळा म्हणजे मोजणी चालू, उघडू नका. हिरवा म्हणजे खुशाल या. तो हिरवा दिवाही याच मालातला. ती कडीला हात घालणार, तोच वीज गेली. यंत्र आणि बाहेरचा दिवा बॅटरीवर गेले. कडी मात्र विजेवरची, ती आता फक्त बाहेरून किल्लीनेच उघडणार.

येतील आत्ता, म्हणून ती बसली. मग दार बडवलं. पण भिंतींना जाड अस्तर, आवाज जातो कुठला? तासभराने तिला घुसमटून रडू आलं, आणि त्या रडण्याचाच राग आला. सही न केलेला कागद मांडीवर होता. करून टाकली असती तर बरं झालं असतं, असंही एकदा मनात आलं.

दोन तासांनी वीज आली आणि दार उघडलं. दारात किल्ल्यांचा जुडगा घेऊन मामा.

"संपली एकदाची मोजणी? केव्हाचा ताटकळतोय!"

"किल्ली होती, मग उघडलं का नाही?"

"पिवळा होता ना! मोजणी बिघडली असती तर तूच माझं डोकं खाल्लं असतंस. आत्ता हिरवा झाला."

"मामा, मी हिरवाच लावला होता. बॅटरीवर त्याला दोनच मिलिअँप मिळतात."

मामांनी वर दिव्याकडे पाहिलं. हातातला जुडगा वाजायचा थांबला.

तिने कागद दारालाच टेकवला, पेनाचं टोपण काढलं.

"बोला मामा, करू सही?"

मामांची मान आडवी हलली.