पाचवा श्वास

श्वास देवाने फुकट दिला, म्हणून माणूस तो मोजत नाही. त्या कारखान्यातल्या कोरड्या खोलीत मात्र मोजतात. एका वेळी आत चारच माणसं. तिथे बनणाऱ्या बॅटऱ्या औषधाच्या गोळीएवढ्या, माणसाच्या छातीत, हृदयाजवळ बसवायच्या. त्यांच्या पोटातला लिथियमचा पत्रा इतका सोवळ्यातला, की त्याला आपल्या श्वासातला ओलावाही सोसत नाही. पत्रा काळवंडतो, आणि दहा वर्षं चालायची बॅटरी चौथ्याच वर्षी मान टाकते.

या खोलीच्या दाराशी दोघी जावांपैकी थोरली बसे. आत किती जण आहेत ते बघणं हे तिचं काम. धाकटी आत, बॅटऱ्यांना झाकणं बसवायला. थोरलीनेच तिला इथे चिकटवलं होतं, आणि महिन्यातून एकदा तरी ती ते बोलून दाखवी.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला थोरलीच्या फोनवर मुलीचा निकाल आला. तीनदा आपटलेली पोर चौथ्यांदा पास झाली होती. आईच्या जिवाला धीर कुठला? आत चौघी आहेत हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी ती आत घुसली.

"अगं, झाली एकदाची पास. गणितातसुद्धा."

"गणितात? मग पेपर तपासणाऱ्याचीच परीक्षा घ्यायला हवी," धाकटी म्हणाली, आणि तोंडावरची पट्टी खाली ओढून खळखळून हसली. बाकीच्या तिघी पलीकडच्या टोकाला, पाठमोऱ्या. त्यांचे ट्रे काचेच्या पेटीत बंद. उघडा ट्रे एकटा हिचाच. साठ बॅटऱ्यांचा.

पाच मिनिटांनी थोरली बाहेर गेली. भिंतीवरचा ओलाव्याचा काटा जरासा चढला आणि मुकाट्याने जागेवर आला. हाताला सवय असते, तो चालत राहतो. धाकटीने एकेक करून साठही झाकणं बसवली, आणि शेवटचं बसल्यावर तिला मघाचं हसणं आठवलं.

ट्रे तीन वाजता पुढे जाणार होते.

जेवणाच्या सुट्टीत तिने डबा उघडला आणि तसाच बंद केला. "ताई, मघाचं सांगायला हवं."

"मिनिटभराचं काय घेऊन बसलीस?"

"मिनिटभर नव्हतं ते. आणि मी पट्टी काढली होती."

"काढायला मी सांगितलं होतं?" थोरलीने घास मोडला. "काटा आला ना जागेवर? पुढे मशीन तपासतं ना?"

"मशीन आजचं तपासतं. चौथ्या वर्षाचं कोण तपासतं?"

"सांग मग. मला दारावरून काढतील, तुला टेबलावरून, की बसू दोघी घरी एकमेकींची डोकी खात. तशीही तुला माझी नोकरी खुपतेच."

धाकटीला ते लागलं. खुपत नव्हती, उलट त्याच नोकरीचा धाक तिच्या जिभेवर बसला होता.

दोन वाजता ती पुन्हा टेबलाशी बसली, पण जीव काही जागेवर राहीना. पाणी प्यायला उठली. हातमोजे बदलले, पुन्हा बदलले. फळीवर आपला ट्रे आहे का ते बघून आली. असणारच होता, तो कुठे चालत जाणार? तरी दहा मिनिटांनी परत उठली. डोळ्यांसमोर सारखा एक जिना येई. कुणीतरी भाजीची पिशवी घेऊन चढतंय. तिसऱ्या मजल्यापर्यंत नीट येतंय, आणि मग थांबतंय. बाई की पुरुष, तेही तिला दिसेना. दिसलं असतं तर बरं, असंही वाटलं आणि नको, असंही.

पावणेतीनला तिने ट्रेवर तो अडवायचं लाल कार्ड ठेवलं.

तपासनीस आले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी ट्रे बाहेरच्या टेबलावर आणवला, थोरलीच्या खुर्चीशेजारीच.

"काय झालं?"

"मी पट्टी काढून हसले. ट्रे उघडा होता."

"एकट्याच हसलात?"

"एकटीच."

थोरली समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

तपासनीसांनी दोन बॅटऱ्या काचेच्या पेटीत नेऊन कापल्या. आतला पत्रा आरशासारखा लख्ख.

"बघा," थोरली म्हणाली. बराच वेळ कोंडलेला आवाज मोकळा झाला. "काही नाही झालेलं. हिचा जीवच मुलखाचा घाबरट."

"दोन लख्ख आहेत," ते म्हणाले. "अठ्ठावन्न उरल्या. कापल्या तर फुकट, न कापल्या तर कळणार नाही. एकटीचंच हसणं असेल तर इतक्या कोरड्या हवेने त्याचा ओलावा ओढून घेतला असेल. मी जाऊ देईन." ते थोरलीकडे वळले. "आत चारच होत्या ना? दाराचं तुम्ही सांगा, म्हणजे झालं."

म्हणजे झालं. एक 'हो' म्हणायचं होतं. देव माणसाला कोंडीत धरतो तेव्हा काही मोठं मागत नाही, एवढंसंच मागतो. थोरलीने ट्रेकडे पाहिलं, मग धाकटीकडे. धाकटी आपल्या नखांकडे बघत होती. ती काही बोलणार नव्हती, हे थोरलीला कळलं, आणि तेच तिला सोसवेना.

"पाच होत्या," ती म्हणाली. "पाचवी मी."

तपासनीसांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. खराबात टाकायला ट्रे उचलला.

"द्या इकडे, मी टाकते," थोरली म्हणाली.

खराब बॅटऱ्यांची वाळूची पेटी मागच्या अंगणात होती. दोघी गेल्या. वाटेत थोरली म्हणाली, "उद्यापासून मला खोकी बांधायला बसवतील."

"हं."

"आणि एकटीच हसले म्हणे. उद्या मी एकटीच रडले म्हणून सांगशील. घरी मात्र मी सांगणार, तू मधे तोंड घालायचं नाही."

"नाही घालत."

थोरलीने ट्रे उलटा केला. गोळ्या वाळूत पडल्या. एक कोपऱ्यात अडकून बसली. तिने तळाला थोपटलं, पुन्हा जोरात थोपटलं, आणि ती सुटून खाली पडेपर्यंत दोघी तिथून हलल्या नाहीत.